जंजिऱ्याचा पाऊण तास

परभणीहून जिंतूरकडे निघाले की वाटेत आमचे झरी लागते. काळी माती, कापूस, सोयाबीन, तूर आणि उन्हाळा लागला की पाण्याची ओढ. आमच्याकडे मोठे पाणी म्हणजे येलदरीचे धरण. पाऊसकाळ बरा झाला की लोक जीप करून धरणाचे दरवाजे पाहायला जातात आणि परत आल्यावर आठवडाभर तेच सांगतात. समुद्र आम्ही दोघांनी चाळिशी उलटेपर्यंत पाहिलेला नव्हता. शाळेत मात्र दर वर्षी फळ्यावर किनारा काढायचा, दोन बाण काढायचे आणि मुलांना शिकवायचे, की दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. मुले पाठ करत आणि आम्ही गुण देत असू.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे समुद्रावर गेलो. ते काही आमच्या मनाने नव्हे. मोठ्या लेकीने पाठवले म्हणून गेलो.

त्याआधी महिनाभर घरात अबोला असल्यासारखे होते. लेकीसाठी एक रिश्ता आला होता. मंडळी आली, बसली, चहा-नाश्ता झाला, मुलगी पाहिली, हसतखेळत गेली. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, ‘बायोडाटात तर रंग गव्हाळ लिहिला होता.’ एवढेच. पुढे ना होय ना नाही. आमची लेक सावळी आहे, तिच्या दादीवर गेलेली. आणि बायोडाटा आम्हीच लिहिला होता. आधी ‘सावळा’ लिहिले, मग ते खोडून ‘गव्हाळ’ केले. इतरही असेच लिहितात, अशी आम्ही आमची समजूत घातली होती.

लेक काही बोलली नाही. आठवड्याने तिने देवगिरी एक्सप्रेसची दोन तिकिटे आमच्यापुढे ठेवली. ‘अब्बा, अम्मी, तुम दोनों जाके आओ. घर मैं देखती.’ कुठे जायचे तेही तिनेच ठरवले होते: मुरूड जंजिरा. तिने इतिहास घेऊन पदवी केली आहे. ‘वहाँ अब्बी शिडाच्या होड्या चलते,’ एवढेच ती म्हणाली. जंजिराच का, हे आम्ही विचारले नाही.

रेल्वे, लाँच आणि एसटी

गाडी रात्री मराठवाडा ओलांडते. छत्रपती संभाजीनगरचे स्टेशन आले तेव्हा डब्यात सगळे झोपलेले होते, आम्ही जागे होतो. जुने नाव औरंगाबाद, आणि त्याहून जुने नाव खडकी. 1610 साली ही खडकी वसवली मलिक अंबर यांनी. हबशा म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला एक मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरला, दख्खनमध्ये आला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. मुघलांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. शहराला पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. 1626 मध्ये त्याचे निधन झाले, मजार खुलताबादला आहे. हे सारे आम्ही मुलांना शिकवतो. पण त्या रात्री पहिल्यांदा मनात आले, की मलिक अंबर हे नाव घेताना त्यांचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढे कधी येतच नाही. आला तरी तो आमच्या समजुतीने थोडा उजळलेला असतो.

सकाळी मुंबई. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग आणि पुढे एसटीने मुरूड. समुद्राची पहिली भेट गेटवेलाच झाली. कठड्याला धरून आम्ही दोघे नुसते उभे राहिलो. ‘अजी, इसका दूसरा किनारा किधर है?’ असा प्रश्न आला. उत्तर नकाशात ठाऊक होते: सरळ पश्चिमेला जात राहिले तर अरबस्तान, थोडे खाली आफ्रिका. पण नकाशातले अंतर आणि डोळ्यांसमोरचे अंतर वेगवेगळे असते.

अलिबागहून मुरूडपर्यंतचा रस्ता सुंदर आहे. रेवदंड्याची खाडी पुलावरून ओलांडायची, मग कोर्लई, मग काशीदचा किनारा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळीतून मध्येच चमकणारे पाणी. मुरूडला रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने राजपुरीला गेलो. अंतर फार नाही. वळणावर रिक्षावाल्याने स्वतःहून रिक्षा थांबवली. खाली खाडीच्या तोंडाशी, चहूकडून पाण्याने वेढलेला, काळा, लांबट किल्ला दिसत होता. मागे दूर समुद्रात आणखी एक लहान किल्ला होता. तो शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह देण्यासाठी बांधलेला पद्मदुर्ग.

शिडाची होडी

राजपुरीच्या धक्क्यावर तिकिटे काढली. होडी लाकडी, मध्ये डोलकाठी, तिला तिरके बांधलेले मोठे त्रिकोणी शीड, ठिगळे लावलेले. वीस-पंचवीस माणसे दोन्ही बाजूंना बसवून तांडेलाने वजन सारखे केले. एका जाड गृहस्थांना उठवून पलीकडे बसवले, तेव्हा सगळे हसले आणि भीती थोडी कमी झाली. नूह अलैहिस्सलाम यांनी जहाजात बसताना म्हटलेली दुआ आम्ही मनात म्हटली. जहाजाचे चालणेही अल्लाहच्या नावाने आणि नांगर टाकणेही त्याच्याच नावाने, असा तिचा अर्थ. ही दुआ आम्ही एसटीत बसतानाही म्हणतो. पण तिचा खरा अर्थ त्या दिवशी लाकडाखाली पाणी हलले तेव्हा कळला.

निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते. शीड थोडे फुगले, मग लुळे पडले. तांडेल म्हणाला, ‘जमिनीचा वारा संपला काका, समुद्राचा अजून सुरू व्हायचाय.’ आणि दोघा खलाशांनी वल्ही हातात घेतली. आम्ही एकमेकांकडे पाहिले. इतकी वर्षे फळ्यावर काढलेले दोन बाण, आणि त्या दोन बाणांच्या मधली ही वेळ! ती पुस्तकात कुठेच नव्हती. मतलई वारा थांबला आहे, खारा वारा यायचा आहे, आणि मधल्या वेळी माणसाला हाताने वल्हवावे लागते.

ऊन चढले. शेजारी ओढणीने चेहरा झाकण्याची घाई सुरू झाली. ‘धूप में काली पड़ जाऊँगी,’ हे शब्द सवयीने तोंडातून निघाले आणि तिथेच थांबले. आम्ही दोघेही पाण्याकडे पाहत राहिलो. हेच वाक्य आमच्या घरात लेकीने लहानपणापासून ऐकले आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर जाऊ नको, गच्चीवर दुपारी जाऊ नको, ही पेस्ट लाव, ती ट्यूब लाव. तिला कोणी परक्याने काळी म्हणण्याच्या आधी आम्ही म्हटले होते, आणि तेही लाडाने.

किल्ला जवळ आला तरी दरवाजा दिसेना. तट नुसता सलग. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधे तो अचानक दिसला. सुमारे चाळीस फूट उंचीच्या भिंती पाण्यातूनच वर आलेल्या. उतरायला सरळसोट जागा नाही. होडी लाटेबरोबर वर जाते, खाली येते. वर गेली की पायरीवर पाय टाकायचा, खलाशी दंडाला धरून ओढून घेतो. पायऱ्या शेवाळलेल्या. ‘घाबरू नका भाभी, मी सांगेन तेव्हाच पाय टाका,’ असे खलाशी म्हणाला, आणि तसेच केले. तांडेलाने सगळ्यांना बजावले, ‘पाऊण तास. पाऊण तासाने होडी सुटेल.’

बेटावर

उर्दू शिकवणाऱ्याला या ठिकाणाच्या नावाचीच मोठी गंमत वाटते. अरबीत जझीरा म्हणजे बेट. कोकणच्या तोंडी त्याचा जंजिरा झाला. ‘जंजिरे मेहरूब’ हे त्याचे पूर्ण नाव. आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. तो निजामशाहीच्या हबशी सरदारांनी घेतला आणि सोळाव्या शतकात दगडी किल्ला उभा राहिला. पुढे सिद्दींनी तो स्वतंत्रपणे सांभाळला. मराठे, इंग्रज, पोर्तुगीज, सर्वांनी प्रयत्न केले, पण लढून हा किल्ला कोणाला घेता आला नाही. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात दगडांचा भराव टाकायला सुरुवात केली होती, यावरून या बेटाचे महत्त्व लक्षात यावे. 1948 मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले.

दरवाज्याजवळ एक शिल्प आहे. वाघासारख्या एका प्राण्याने हत्ती पकडलेले आहेत, काही पंजांत, एक तोंडात, एक शेपटीत. आत गेल्यावर तोफा. सर्वांत मोठी कलालबांगडी, तिच्यासोबत चावरी आणि लांडा कासम. काही तोफा युरोपातल्या कारखान्यांत ओतलेल्या आहेत. तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी झिजून आत गेले आहेत, आणि दोन दगडांमधला चुना मात्र तसाच पुढे आलेला आहे. असे कधी पाहिले नव्हते. दगड हरला आणि चुना टिकला.

मधोमध सिद्दी सिरुलखान यांच्या वाड्याचे कित्येक मजली अवशेष, झाडाझुडपांनी भरलेले. मशीद आहे, तिच्यातही आता अजान होत नाही. एके काळी किल्ल्यात भरगच्च वस्ती होती. हळूहळू माणसे किनाऱ्यावर राहायला गेली. आणि मग गोड्या पाण्याचे तळे. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये दगडी काठाचे, गोल, गोड्या पाण्याचे तळे. अशी इथे दोन तळी आहेत. आमच्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला तोफांपेक्षा हे पाणी मोठे वाटले. तळे नसते तर तोफा किती दिवस चालल्या असत्या?

गाइड भोवतीच्या लोकांना लढायांच्या गोष्टी सांगत होता. आम्ही तळ्याच्या काठावर बसलो. शाळेत हा धडा शिकवताना एक अडचण नेहमी येते. मुले विचारतात, ‘सर, सिद्दी आपले होते का?’ उर्दू शाळेतला मुलगा हा प्रश्न एका अर्थाने विचारतो, मराठी शाळेतला दुसऱ्या. आम्ही सांगतो की सिद्दी जंजिऱ्यात होते, तसेच सिद्दी हिलाल शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. पन्हाळ्याला वेढा घालणारे सिद्दी जौहर होते, आणि तो वेढा फोडायला गेलेल्यांत सिद्दी हिलाल आणि त्यांचा मुलगाही होता. ते राजकारण होते. राजांचे गुणदोष सिद्दींमध्येही होते. उत्तर बरोबर आहे. पण त्या उत्तरात एक गोष्ट राहून जाते, ती या बेटावर बसल्यावर लक्षात आली.

ही माणसे कोण होती? बहुतेक जण मुलगे असताना समुद्रापलीकडून आणून विकलेले. घर नाही, खानदान नाही, बायोडाटात लिहिण्यासारखे काही नाही. सुरुवातीच्या काळात इथली गादी बापाकडून मुलाकडेच जाईल असे नव्हते. सिद्दी सरदार आपल्यातला कर्तबगार माणूस पुढे करत. सिद्दी कासिम असेच पुढे आले. मुघलांनी त्यांना ‘याकूतखान’ हा किताब दिला. याकूत म्हणजे माणिक. मुघलांचे आरमार या बेटावरच्या लोकांच्या हातात होते, सुरतेहून जाणाऱ्या जहाजांचा रस्ता तेच राखत. याच याकूतखानांनी 1689 मध्ये मुंबईवर उतरून इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडून ठेवले होते. त्यांच्या रंगाला कोणी ‘गव्हाळ’ लिहिले नाही. लिहायची कोणाला गरज वाटली नाही.

आणि हबशा म्हणजे काय आपल्यासाठी? मक्केत जगणे अशक्य झाले तेव्हा पहिली हिजरत मदिनेला नव्हे, तांबडा समुद्र ओलांडून हबशाला झाली. होडीतून. तिथल्या नजाशी राजाने मुसलमानांना आसरा दिला आणि मक्केच्या लोकांनी मागूनही त्यांना परत केले नाही. मक्का जिंकल्यावर काब्याच्या छतावरून अजान दिली ती हजरत बिलाल (रजि.) यांनी. आपण मुलांची नावे बिलाल ठेवतो. मग मुलगी बिलालच्या रंगाची झाली की तिला ट्यूब आणून देतो.

हदीसमध्ये प्रसंग आहे. हजरत अबू जर (रजि.) रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून टोचून बोलले. प्रेषितांना (स.) कळले तेव्हा त्यांनी सुनावले, की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. अबू जर हे सुरुवातीला ईमान आणणाऱ्यांपैकी. त्यांना हे ऐकावे लागले. आम्ही हा प्रसंग मुलांना अनेकदा सांगितला आहे आणि दर वेळी दुसऱ्यांना लागू केला आहे. शेवटच्या हजच्या खुतब्यात काळ्या-गोऱ्याविषयी जे फर्मावले ते सहावीच्या मुलांकडून पाठ करून घेतले आहे. कुरआनने भाषांचा आणि रंगांचा फरक अल्लाहच्या निशाण्यांत मोजला आहे. आणि अल्लाहची ती निशाणी आम्ही पेन घेऊन खोडली होती.

तळ्याकाठी आम्ही फार बोललो नाही. ‘उन्होंने तो नाही बोले. झूट तो अपने ने लिखे थे,’ एवढे एक वाक्य झाले. दुसऱ्याने मान हलवली. त्या मंडळींवर महिनाभर धरलेला राग तिथे उतरला, आणि जो उरला तो ज्याचा त्याच्याकडे आला.

खालून खलाशाने हाक मारली. पाऊण तास संपला होता.

परत

परतताना समुद्राचा वारा सुरू झालेला होता. खलाशांनी वल्ही आत ठेवली, शीड भरून फुगले, दोरी ताणली गेली आणि होडी एका अंगाला कलून सरसर निघाली. जाताना जेवढा वेळ लागला होता त्याच्या निम्म्यातच धक्का आला. तांडेलाने विचारले, ‘परभणीकडे समुद्र नाही, मग पाणी कुठून आणता?’ आम्ही येलदरीचे सांगितले. त्याने धरण कधी पाहिले नव्हते. त्याला आमच्याकडे यायचे निमंत्रण देऊन उतरलो.

राजपुरीत जोहरची कसर अदा केली आणि जवळच असलेल्या खोकरीला गेलो. तिथे सिद्दींचे तीन दगडी मकबरे आहेत, एक मोठा आणि दोन लहान. मोठा सिद्दी सिरुलखान यांचा, लहान दोन सिद्दी खैरियतखान आणि सिद्दी याकूतखान यांचे. अरबीत कोरलेले लेख आहेत. बेटावर जेवढी गर्दी होती, तेवढीच इथे शांतता. दगडांवर कोरीव जाळ्या, आजूबाजूला गवत, आणि आम्ही दोघेच. मग्फिरतची दुआ मागितली. समुद्राच्या त्या काठावरून विकले गेलेले मूल या काठावर एवढ्या मानाने निजले आहे. त्यांच्या आईला हे कधी कळले असेल का, असा विचार आला. त्यांची आई कशी दिसत असेल, तेही डोळ्यांपुढे आले. या वेळी चेहरा उजळला नाही.

संध्याकाळी मुरूडच्या वाळूवरून लेकीला फोन केला. होडीचे, तळ्याचे, वाऱ्याचे सांगितले. मग अम्मीने सांगितले, ‘बेटा, वो बायोडाटा फाड दे. नया लिखते.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘उसमें रंग का खानाच मत रखो अम्मी. पूछे तो सावली बोलो.’ आणि लगेच विचारले, ‘याकूतखान की कब्र देखे क्या?’ तेव्हा आम्हाला समजले की तिकिटे काढताना तिला सगळे ठाऊक होते. लेक आमच्यापेक्षा चांगली शिक्षिका होईल.

नव्या बायोडाटात शिक्षण आहे, उंची आहे, नमाज-रोजाची पाबंदी आहे, इतिहासाची आवड आहे. रंगाची ओळ नाही. अजून रिश्ता ठरलेला नाही. इन्शाअल्लाह ठरेल. ठरला नाही तोवर ती उन्हात शेतावर जाते, कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशेब ठेवते आणि घरात तिला कोणी आत ये म्हणत नाही.

जाणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्यावर जाणे बंद असते. दिवाळीनंतरचे, थंडीचे दिवस उत्तम. सकाळी लवकर धक्क्यावर पोहोचा, सुट्टीच्या दिवशी मोठी रांग लागते. पायात घसरणार नाही अशी चप्पल हवी. प्यायचे पाणी बरोबर घ्या. ज्येष्ठांना आणि लहान मुलांना उतरवताना घाई करू नका, खलाशी सांगेल तेव्हाच पाय टाका. पाऊण तास कमी पडतो, म्हणून तोफांपाशी फार वेळ न घालवता तळ्याकाठी थोडे बसा. आणि खोकरीला जायला विसरू नका. तिथे वेळेचे बंधन नाही.